प्रतिसाद: फॉन्डंटची अक्षरं फाटतात त्याबद्दल

कटिंग मशीनवर (आखलेला आकार पात्याने आपोआप कापणारं यंत्र) फॉन्डंटची, म्हणजे केकवर लावायच्या साखरेच्या मऊ पिठाची, अक्षरं कापताना ती ताणली जाऊन फाटतात. याला पात्याचा दाब कमी पडतो हे कारण वरच्या पोस्टमध्ये दिलंय. बहुतेक वेळा दोष दाबाचा नसतो, फॉन्डंट ओला असतो. नुसता फॉन्डंट पात्याला चिकटून फरफटतच जातो. पाव किलोला सपाट चमचाभर सीएमसी किंवा टायलोज (फॉन्डंट घट्ट करणारी खाण्याची पावडर) मळून रात्रभर झाकून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या मॅटवर (ज्यावर माल ठेवून कापतात ती चटई) डालड्याचा अगदी पातळ हात फिरवून साधारण १ मिमी जाडीची पोळी लाटा. कडेला इंचभर जागा मोकळी सोडा, नाहीतर मशीनचे रोलर पोळीवरून जाऊन ठसे उमटवतात. मग अर्धा तास उघडीच सुकू द्या. बोट लावल्यावर चामड्यासारखी लागली की पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये, आणि बाहेर काढल्या काढल्या कापायला घ्या. पावसाळ्यात रेंगाळलात तर वर दव धरतं नि सगळं पुन्हा चिकट.

मशीनचा वेग सगळ्यात कमी ठेवा. इंचापेक्षा लहान अक्षरांच्या नादी लागू नका. त्यासाठी आयसिंग शीट (प्लास्टिकवर बसवलेला तयार, खाण्याजोगा साखरेचा पातळ पापुद्रा) बरी. तिचा मागचा प्लास्टिकचा थर मात्र कापू द्यायचा नाही, म्हणजे तिथे दाब हलकाच.

आणि व्हायनल (चिकट प्लास्टिक शीट) कापलेलं पातं नि जुनी मॅट खाण्याच्या वस्तूंना अजिबात नको. खाण्यासाठी दोन्ही वेगळी ठेवा.