प्रार्थनास्थळ कोणाचं, गल्लीचं की गाडी काढून येणाऱ्यांचं?

खिडकीतला:
सरळ मुद्द्यावर येतो. शहरातलं देऊळ, मशीद, चर्च, काहीही असो, ज्या वस्तीत उभंय त्या वस्तीच्या उपयोगी पडलं पाहिजे, नाहीतर आठवड्यातून दोन तास उघडणारा हॉल आहे झालं. लोक लांबून येतात, मिळेल तिथे गाडी लावतात, प्रार्थना करतात आणि जातात, शेजारच्या जिन्यात कोण अंथरुणाला खिळलंय याचा त्यांना पत्ता नसतो. चर्च ऑफ इंग्लंडची पॅरिश पद्धत बघा, अख्खा इंग्लंड हद्दींमध्ये वाटलेला, आणि हद्दीत राहणाऱ्याला तिथल्या चर्चमध्ये लग्न लावायचा हक्क आहे, भले तो आधी कधी तिकडे फिरकलेला नसो (घटस्फोटितांचं प्रकरण वेगळं). लंडनमध्ये १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवर ही राहती उंच इमारत जळाली, ७२ माणसं गेली, तेव्हा सरकारी मदतीची घडी बसायच्या आधी आसपासच्या चर्चनी आणि अल मनार मशिदीने दारं उघडली. का जमलं? कारण ती तिथलीच होती.

तिरकस:
असहमत, आणि तेही ठार. शहरात माणूस भाडं परवडेल तिथे राहतो, श्रद्धा असेल तिथे नाही, मग त्याने काय गल्लीत जे असेल त्याला हात जोडायचे? तुमच्याच लंडनमधलं ब्रिक लेन घ्या. फ्रान्समधून जीव वाचवून आलेल्या ह्युगेनॉट (म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट) लोकांनी १७४३ साली तिथे चर्च बांधलं, ते पुढे मेथडिस्टांचं चॅपल झालं, १८९८ मध्ये सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि १९७६ पासून बांगलादेशी लोकांची मशीद. भिंतीवर १७४३ ची सूर्यघडी अजून आहे, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय 'आम्ही सावली आहोत'. इमारत तीच, माणसं बदलली. म्हणजे खरी वस्तू माणसांचा जथा आहे, पत्ता नाही. तो जथा लांब गेला तर तिकडे सेवा करेल.

खिडकीतला:
अहो ब्रिक लेन तर माझ्याच बाजूने बोलतंय की! दरवेळी तिथे पायी येऊ शकणाऱ्यांनीच ती वास्तू चालवली. सनातनी ज्यू शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी चालवत नाहीत, म्हणजे सिनेगॉगपासून चालत जाता येईल इतकंच घर लांब. ज्यू कुटुंबं तिथून उपनगरांत गेली आणि सिनेगॉग ओस पडलं. चालत येणारे संपले की विषय संपला.

अर्धा_चहा:
दोघांच्या मधे पडतो. बॉस्टनच्या रॉक्सबरी-डॉर्चेस्टर भागातून विसाव्या शतकाच्या मध्याला ज्यू कुटुंबं भराभर बाहेर पडली, कॅथलिक मात्र त्यामानाने जास्त काळ टिकून राहिले. याचं एक कारण असं मांडतात की कॅथलिक पॅरिश हद्दीला बांधलेली, ती उचलून नेता येत नाही, सिनेगॉग सभासदांचं, ते निघाले की तोराह या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या घेऊन तेही निघालं. इथवर खिडकीतला यांना गुण. पण त्याच कॅथलिक पॅरिशचा दुसरा चेहरा पण बघा, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या शहरांत काळी कुटुंबं शेजारी राहायला आली तेव्हा 'ही आमची पॅरिश' म्हणत त्यांना अडवणारेही तिथलेच भाविक होते. हद्द सांभाळणारा माणूस कुंपणही घालतो, हे 'वस्तीचं प्रार्थनास्थळ' म्हणून गहिवरणाऱ्यांनी जरा लक्षात ठेवावं.

तिरकस:
+१. आणि गाड्यांनाच नावं ठेवायची तर अमेरिकेतलं माँटगोमेरी आठवा, तिथे बसमध्ये काळ्यांना वेगळं बसवायचे. ५ डिसेंबर १९५५ ला होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये सभा भरली, बसवर बहिष्कार चालू ठेवायचं ठरलं, ३८१ दिवस चालला तो. लोकांना कामावर पोचवायला गाड्या घेतल्या त्या चर्चच्या नावावर, लोक त्यांना चाकांवरची चर्च म्हणायचे. शहरभरची मंडळी एका जथ्यात होती म्हणून जमलं, एका गल्लीच्या जिवावर नसतं झेपलं.

पायरीवरची:
तुम्ही सगळे पैशाबद्दल गप्प का? इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीभोवती (१५५७ ला पूर्ण झाली) मदरसे, दवाखाना, गरिबांसाठी स्वयंपाकघर, हमाम, सगळं होतं, पण त्यामागे वक्फचं बांधलेलं उत्पन्न होतं, नुसती भक्ती नव्हे. आज वर्गणी कोण देतं? लांबून गाडीने येणाराच देतो, कारण बरं कमावून तो बऱ्या वस्तीत गेलेला असतो. त्याला हाकललंत तर छप्पर गळायला लागेल आणि गल्ली लांबून बघत बसेल. बाकी गल्लीला देवापेक्षा तळघरातला हॉल जास्त हवा असतो असं माझं मत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, किती बैठका चर्चच्या तळघरात भरतात बघा, भाडं देऊन, आणि तिथे येणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही.

खिडकीतला:
पैसे देणाऱ्याने ठरवायचं असेल तर प्रार्थनास्थळांना करमाफी कशाला? ती सूट गल्लीच्या खिशातून जाते हो, रस्ता, दिवे, कचरा सगळं वापरायचं आणि मालमत्ता कर शून्य. मग थोडं तरी देणं लागतंच ना.

तिरकस:
अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाय, वॉल्झ खटला, १९७०. न्यायालयाने करमाफी टिकवली, पण समाजसेवा करतात म्हणून नव्हे. उलट म्हणाले की तो आधार आम्हाला नकोच, नाहीतर सरकारला प्रत्येक प्रार्थनास्थळाच्या सेवेचं मोजमाप करत बसावं लागेल. तुम्हाला हवंय का ते, अधिकारी येऊन किती जणांना जेवू घातलं याचं रजिस्टर तपासतोय?

पायरीवरची:
तपासू दे की. हॉल कोणाकोणाला वापरायला दिला, तेवढं तरी लिहून काढा म्हणावं.