बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. : पुढे कोणाचं काय झालं, हे कॉलेजांनी विषयवार जाहीर करावं का? (चर्चा; प्रत्येक मतावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मधली सुट्टी

बारावीनंतर भूगोल घ्यावा की अर्थशास्त्र, केमिस्ट्री की बॉटनी, हे मुलं कशावरून ठरवतात? मैत्रिणीने काय घेतलं, मार्क कुठे पडतात, तास सकाळी आहेत की दुपारी. त्या विषयातून गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेली मुलं आज काय करतात, हे सांगणारा कागद मी तरी कुठल्या कॉलेजच्या प्रवेशखिडकीवर पाहिलेला नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांना निदान प्लेसमेंटचे आकडे दाखवतात. पण केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात पदवीला शिकणाऱ्यांपैकी ३४.२ टक्के कला शाखेत आहेत आणि इंजिनिअरिंगला ११.८ टक्के. सर्वांत मोठा गट सर्वांत जास्त अंधारात आहे.

एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीसाठी कॉलेजं किती जणांना नोकरी लागली, मध्यक पगार किती, पुढे शिकायला किती गेले हे भरून देतात. पण तो तक्ता अभ्यासक्रमाच्या मुदतीप्रमाणे असतो. तीन वर्षांची पदवी म्हटलं की मराठी, फिजिक्स आणि बी.कॉम. सगळे एकाच ओळीत. विद्यार्थ्याला त्यातून काय कळणार?

ब्रिटनमध्ये पदवीनंतर पंधरा महिन्यांनी सर्वेक्षण होतं. शिवाय करखात्याच्या नोंदी शिक्षणाच्या नोंदींशी जोडून विषयवार आणि विद्यापीठवार कमाई प्रसिद्ध केली जाते. आपल्याकडेही कॉलेजने दरवर्षी विषयवार तक्ता लावलाच पाहिजे, आणि सलग पाच वर्षं ज्या विषयातून कोणाचंच काही होत नाही, त्याच्या जागा कमी केल्या पाहिजेत.

बालाघाट

तक्त्याला माझा विरोध नाही. जागा कमी करण्याला आहे, आणि ठाम आहे.

मी बीड जिल्ह्यात एका कला महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. वर्गातल्या बहुतेक मुली एसटीच्या पासवर येतात. सकाळी एक गाडी, दुपारी परतीची एक. त्या दोन गाड्यांच्या मध्ये जे कॉलेज बसतं, तेच त्यांचं कॉलेज. इथल्या इतिहासाच्या जागा कमी झाल्या म्हणून त्या पुण्याला डेटा सायन्स शिकायला जाणार नाहीत. घरी बसतील आणि पुढच्या लग्नसराईत उजवल्या जातील. ज्या घरांतले आईवडील सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात, तिथे मुलगी एकविसाव्या वर्षापर्यंत कॉलेजात राहिली, हा सुद्धा पदवीचाच परिणाम आहे. तुमच्या तक्त्यात त्याला रकाना आहे का?

आणि इतिहासाच्या पदवीधराला नोकरी नाही, यात इतिहासाचा काय दोष? या मुलांसाठी सर्वांत मोठा नोकरी देणारा म्हणजे सरकार. शिक्षकभरती वर्षानुवर्षं रखडते, प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा तासिकेवर भागवल्या जातात. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये मानधन होतं, मग ते १६,००० झालं. भरती करायची नाही, आणि भरती होत नाही म्हणून विषय निरुपयोगी ठरवायचा, हे मला मान्य नाही.

एमआयडीसीकर

मी लोटे परशुरामला एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. इथलं सांगतो.

लोटे, महाड, कुरकुंभ, तारापूर या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यांत बी.एस्सी. केमिस्ट्रीला आजही काम आहे. टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजमाप) हाताने नीट करणारा, एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख समजणारा मुलगा ट्रेनी म्हणून लागतो आणि दोन-तीन वर्षांत कंपनी बदलून पगार वाढवून घेतो. तीच पदवी, तोच अभ्यासक्रम, पण मुलगा कारखाने नसलेल्या जिल्ह्यातला आणि घर सोडणं शक्य नसलेला, तर क्लासेसमध्ये शिकवणं किंवा औषधांच्या दुकानात उभं राहणं. त्यामुळे नुसता 'केमिस्ट्री : इतके टक्के' हा आकडा फसवेल. विषयासोबत तालुका लिहा.

दुसरं, मुलाखतीत मी ब्युरेटचं, म्हणजे टायट्रेशनच्या मोजनळीचं, रीडिंग घ्यायला सांगतो. जर्नल पूर्ण, सह्या पूर्ण, आणि नजर कुठे ठेवायची ते माहीत नाही, अशी बरीच मुलं येतात. प्रात्यक्षिकं खरोखर झाली की नुसती लिहिली गेली, यावर नोकरी ठरते. ते विषयाच्या नावावरून कळत नाही.

आणि एक, जे इथे दिसतं म्हणून लिहितोय. लॅबच्या कामात मुली कुठेही कमी नाहीत. तरी तिसऱ्या पाळीचं कारण सांगून त्यांना बाजूला काढलं जातं. अशा नोकरी न लागलेल्या मुलींचा आकडा रसायनशास्त्राच्या खात्यावर मांडू नका.

शेकडेवारी

अजून कोणी टाकला नाही, पण या चर्चेत एक आकडा हमखास येतो, म्हणून आधीच लिहितो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतला बेरोजगारी दर २९.१ टक्के होता, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. यावरून 'शिकून उपयोग नाही' म्हणणं चूक आहे. ज्याच्या घरी संध्याकाळची सोय नाही, तो मिळेल ते काम धरतो आणि रोजगारात मोजला जातो. पदवीधर घरच्यांच्या आधारावर थांबतो.

हा दर काम करणारे आणि काम शोधणारे एवढ्यांमध्येच काढतात. सदाशिव पेठेत चार वर्षं एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा 'विद्यार्थी' म्हणून नोंदला गेला तर तो बेरोजगारांत येतच नाही. लग्नानंतर काम शोधणं थांबवलेली एम.ए. बाईही येत नाही. कला शाखेत या दोन्ही गटांची संख्या मोठी असणार. म्हणून तक्त्यात टक्केवारीच्या आधी डोकी मोजा: किती उत्तीर्ण, किती जणांपर्यंत पोचलो, त्यातले किती कशात.

पाटबंधारे

मी तक्त्याच्याच विरोधात आहे. मागचे आकडे पाहून पुढची गर्दी होते. २००० नंतरच्या दशकात डी.एड. केलं की शिक्षकाची नोकरी, असा हिशोब होता. गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली, भरती आटली आणि मग तीच कॉलेजं बंद पडली. हजारो मुलांचं वय त्यात गेलं.

आता कॉम्प्युटरचं तेच. सिव्हिल, मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या ठेवून सगळे तिकडे धावले, आणि २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या तिन्हींची एकूण कर्मचारीसंख्या घटली. प्रवेश घेताना पाहिलेला आकडा चार वर्षांनी शिळा होतो. मुलाला कल असेल तो विषय घेऊ द्या.

मधली सुट्टी

पाटबंधारे, डी.एड.ची गर्दी आकड्यांमुळे झाली नाही, ऐकीव गोष्टींवर झाली. किती जण पास होतात आणि किती जण लागतात हे दरवर्षी भिंतीवर लागलं असतं, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच पालक सावध झाले असते. कल बघा हे खरं, पण बारावीच्या मुलाला कल ओळखायलाही पुढे काय काय असतं ते दिसावं लागतं.

बालाघाट ताई, एसटीचा मुद्दा पटला. जिथे दुसरं कॉलेज नाही तिथे जागांना हात लावू नये. पण शहरात एकाच रस्त्यावरच्या तीन कॉलेजांत तोच विषय अर्धा रिकामा चालतो, तिथे माझी मागणी कायम.

बालाघाट

शहरापुरतं बोलत असाल तर तसं सरळ नियमात लिहून घ्या. नाहीतर परिपत्रक निघताना शहर गळून पडेल आणि कात्री आधी आमच्याकडे येईल.

आणि तक्ता भरणार कोण? नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) फायली तयार करताना मी पाहिलंय, माजी विद्यार्थ्यांची माहिती शेवटच्या आठवड्यात गोळा होते आणि फोन न लागणारा प्रत्येक जण 'स्वयंरोजगार' होतो.

शेकडेवारी

भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींशी पदवीची नोंद जोडता येईल. पगारी नोकरीपुरतं तरी कॉलेजला मनाने लिहिता येणार नाही.

बालाघाट

त्यात माझ्या विद्यार्थिनी दिसणार नाहीत. एक पतसंस्थेत कच्च्या पगारावर आहे, एक अंगणवाडीत मदतनीस, एकीने गावातच शिकवणी काढली आहे. तिघींचा निधी कुठेच कापला जात नाही. त्यांना फोन करूनच विचारावं लागेल. आणि तो फोन करणाऱ्या माणसाला त्या कामाचे पैसे मिळाले पाहिजेत, हे मागणीत पहिलं कलम म्हणून घाला.