मुंबई-पुण्यात जेवायला गेल्यावर वाइनवर पैसे घालवावेत का?

शाहूपुरीकर

पोरं नोकरीला पुण्या-मुंबईला गेल्यापासून कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत हा कार्यक्रम ठरलेला आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, पोरांकडं उतरायचं आणि शनिवारी रात्री ती आपल्याला लोअर परळ नाहीतर कोरेगाव पार्कातल्या एखाद्या मोठ्या हॉटेलात नेणार. तिथं वाइनचं कार्ड समोर आलं की आपली माणसं एकतर किंमत बघून ते उलटं ठेवतात, नाहीतर सरळ व्हिस्की सांगून मोकळी होतात.

माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी वाइन घ्यावी, आणि आपल्या महाराष्ट्रातली घ्यावी. आपल्याकडं ‘बसायची’ पद्धत कशी आहे बघा. आधी दोन-अडीच तास पेग, चकणा, गप्पा. मटण येतं तेव्हा जिभेला चव राहिलेली नसते, वेटर घड्याळ बघत असतो आणि गार रश्शात भाकरी कुस्करून कसंतरी उरकायचं. पहाटे उठून ज्यानं ते मटण निवडून आणलं, वाटण वाटलं, त्याच्यावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. वाइन जेवणासोबत घ्यायची असते, घोट आणि घास मिळून. त्यामुळं माणूस जेवणाकडं लक्ष देतो, आणि टेबलावर बायकापोरं असली तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

महाग आहे, मान्य. पण वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळेला काय हरकत आहे? मतं सांगा.

मंगळवारपेठी

हरकत आहे. दुकानात हजाराच्या आसपास मिळणारी बाटली तिथं अडीच-तीन हजारांना लावतात. तीच बाटली, तेच लेबल. गेल्या खेपेला मुंबईत आम्ही चौघं जेवलो. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, ‘पाणी रेग्युलर की मिनरल?’ मग बिलात दहा टक्के सेवा शुल्क न विचारता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच सांगितलंय की हे शुल्क आपोआप लावता येत नाही, मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. तरी लावतात. काढा म्हटल्यावर मॅनेजरनं असं बघितलं की पोरगा म्हणाला, पप्पा, राहू दे.

राव, इथं आपल्या खानावळीत तांबड्याची वाटी अर्धी झाली की वाढपी न विचारता येऊन भरतो. पांढरा संपला की पांढरा. त्याचे पैसे कुणी मोजत नाही. खाणाऱ्याचं पोट भरलं का, हे बघणारा माणूस तिथं उभा असतो. त्या तीन हजारांत आमचं अख्खं घर ताट घेऊन तृप्त होतं. जिथं पाण्यापासून मीटर सुरू होतो तिथं वाइन पिऊन कसला आलाय आनंद?

ताराबाई पार्कची

मंगळवारपेठी, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तुम्ही पुरुष म्हणून लिहिताय. कोल्हापुरात मला आणि माझ्या बहिणीला एक ग्लास वाइन घेऊन शांतपणे जेवायचं असेल तर कुठं जायचं? परमिट रूममध्ये शिरलो की सगळ्या माना वळतात. फॅमिली सेक्शनमध्ये मागितली तर वेटर आधी सोबत कोण पुरुष आहे ते शोधतो. पुण्यात गेल्यावर आम्ही दोघी तासभर बसतो, बोलतो, जेवतो, कुणी ढुंकून बघत नाही. मी पैसे त्या मोकळेपणाचे देते आणि ते मला जास्त वाटत नाहीत.

कागलची लेक

ताई, राग मानू नका, पण वाइन म्हणजे काही वेगळी सात्त्विक वस्तू आहे, हे मला पटत नाही. 12-13 टक्के अल्कोहोल आहे तिच्यात. जानेवारी 2022 मध्ये सरकारनं सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हाही हेच ऐकवलं होतं, वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याचं भलं होईल. लोकांनी विरोध केला म्हणून ते थांबलं. आमच्या भागातल्या बायकांनी बाटली आडवी करायला, म्हणजे मतदान करून गावातली दारूची दुकानं बंद करायला, काय काय सोसलंय ते मी जवळून बघितलंय. नुसती मतं जास्त पडून भागत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. शेतातली मजुरी बुडवून, नवऱ्याच्या शिव्या खाऊन त्या केंद्रावर आल्या. त्या गावात दारूची सुरुवातही ‘एखाद-दुसऱ्या वेळेला काय होतंय’ अशीच झाली होती. मुलांसमोर ग्लास धरला की ती तेच शिकतात, मग तो ग्लास कितीही नाजूक असो.

राजारामपुरी 7 वी गल्ली

निदान शेतकऱ्याच्या खिशात चार पैसे जातात की. नाशिकची वाइन घेतली तर आपलाच माणूस जगतो.

तासगाववाला

भावा, हे लई ऐकलंय. मी द्राक्षवाला आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडं तासगाव-पलूस पट्ट्यात माल आहे तो खायचा आणि बेदाण्याचा. थॉमसन, सोनाका. वाइनला लागतात त्या जाती निराळ्या, शिराझ, कॅबर्ने, शनिन ब्लाँ. बारीक मणी, जाड साल, आत बिया. तो माल बाजारात खायला कुणी घेत नाही. म्हणजे कंपनीनं उचलला तर उचलला. 2008 नंतर मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली आणि नाशिककडं कितीतरी जणांनी वाइनच्या बागांवर कुऱ्हाड चालवली.

आता हिशोब. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. किलोला शंभर रुपये धरा, एवढा भाव सहसा मिळत नाही, तरी बाटलीमागं सव्वाशे झाले. तुमच्या तीन हजारांतले सव्वाशे. प्यायची तर प्या, पण आमच्या नावावर खपवू नका.

माजी कॅप्टन

मुंबईत मोठ्या हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख होतो, आता गावी असतो. बाटलीची किंमत अडीच-तीनपट होते हे खरं. त्यात जागेचं भाडं, परवान्याची फी, फुटणारे ग्लास, माणसांचे पगार हे सगळं असतं. ग्लासावर विकायला उघडलेली बाटली दोन-तीन दिवसांत उतरते, तो तोटाही दरातच धरलेला असतो. म्हणून ग्लासाचा दर चढा असतो. 750 मिलीत 150 मिलीचे पाच ग्लास होतात. चौघं घेणारे असाल तर बाटलीच सांगा. वाइनवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. बिलात जेवण आणि वाइन वेगळं लावलंय का, तेवढं बघून घ्या.

बाटली उघडल्यावर वेटर घोटभर ओततो आणि थांबतो. आपली माणसं तिथं बावरतात, बळंच मान हलवून छान म्हणतात. आवडली का, हे तो विचारत नसतो. वाइन बिघडलेली नाही ना, एवढंच बघायचं असतं. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बेलाशक परत द्या, बदलून मिळते. फिरकीच्या झाकणाची बाटली स्वस्तातली समजू नका. तो कुबटपणा बहुतेक वेळा बुचातूनच येतो.

आणि आपल्या तिखटाच्या जेवणासोबत रेड घेऊ नका. तिच्यातला तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिळून जाळ वाढवतात. थंड, किंचित गोडसर शनिन ब्लाँची व्हाइट वाइन चालते. खरं सांगू? तांबड्यासोबत सोलकढीच. वाइन तिथल्या जेवणासोबत घ्या, भाजलेल्या माशासोबत, चीजसोबत. तिथं ती शोभते.

मंगळवारपेठी

म्हणजे आपल्या जेवणाला चालत नाही, शेतकऱ्याला पोचत नाही, तरी घ्यायची. मी पाणीच घेणार, रेग्युलर.

शाहूपुरीकर

तासगाववाला, मी शेतकऱ्याचं नाव घेतलंच नव्हतं. माझा मुद्दा जेवणाचा आहे आणि त्याच्यावर मी ठाम आहे. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर जेवणाआधी पेग घेतला आणि ताटाकडं कधी नीट बघितलं नाही. पुण्यात नातवानं त्यांच्यापुढं व्हाइट वाइनचा ग्लास ठेवला. एक ग्लास त्यांनी संपूर्ण जेवणभर पुरवला, सुरमईचा काटा न् काटा बाजूला काढत जेवले आणि मसाला काय घातलाय असं वेटरला विचारलं. कागलच्या ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण दारूनं घरं बुडतात ती या ग्लासानं नाही, असं मला वाटतं.

कागलची लेक

ते तुमच्या घरी. पुढच्या वेळी पोरांना एवढं तरी सांगा की त्या रात्री गाडी घरी ठेवा. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की गुन्हा आहे, तिथं वाइन की व्हिस्की हे यंत्र विचारत नाही.