मदत हवी आहे: मानसोपचार वॉर्डात रात्री पेशंट बांधणं कसं थांबवू? स्टाफ माझ्यावर नाराज

नमस्कार मंडळी, नर्सिंगमधल्यांनी आणि त्यातही मनोरुग्णालयात काम केलेल्यांनी प्लीज वाचा. मी परिसेविका आहे, खान्देशातल्या एका सरकारी हॉस्पिटलात. सगळी नोकरी मेडिसिन-सर्जरीत गेली आणि आता मानसोपचार वॉर्डची इन्चार्ज केलंय. कोणतं हॉस्पिटल ते विचारू नका, लगेच ओळखतील.

इथला स्टाफ रोटेशनवर येतो. सिस्टर जरा रुळली, पेशंट तिचं ऐकायला लागले की तिची ऑर्डर आयसीयूला नाहीतर लेबर रूमला निघते, आणि नवीन येणारी पहिल्याच दिवशी विचारते, मॅडम इथे किती महिने काढायचे? सायकियाट्रिक नर्सिंगचा डिप्लोमा केलेली एकपण नाही. रात्री एक सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय), मावशी (आया) असली तर असली. सकाळी रिपोर्ट बुक उघडलं की "पेशंट व्हायलंट, रिस्ट्रेन केले, झोपला". संपलं. कोणी सांगितलं, किती वाजता बांधला, कधी सोडला, काही नाही. रोलर बँडेजने बांधतात, मनगटावर वळ असतात.

परवाचंच घ्या. मॅनियाचा (अति उत्तेजित मनःस्थितीचा) पेशंट, त्यावरचं लिथियम हे औषध चालू, रात्रभर "माय, पानी दे ना" करत उठत होता नि सारखा लघवीला जात होता, सिस्टरला वाटलं मुद्दाम छळतोय, थोडावेळ ऐकलं आणि मग बांधला. आता लिथियमवर तहान आणि लघवी वाढतेच ना, आणि आपल्याकडचा मे महिना, रात्री बारालाही भिंतीला हात लावून बघा. अशात पाणी तुटलं तर रक्तातली लिथियमची लेव्हल चढते, १.५ च्या वर गेली की हात थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं सुरू. हे तिला सांगितलं तर रडायलाच लागली, म्हणे मॅडम मी लेबर रूममधून आले, मला हे कोणी शिकवलंय? आता हिला मेमो देऊन काय साधणार? पण वरून सांगतात मेमो द्या. आणि स्टाफचं म्हणणं, तुमची जनरल (दिवसाची) ड्युटी आहे, रात्री येऊन बघा. मी नाइटला थांबून बघितलंय हो, त्यांची भीती खोटी नाहीये.

आमच्याकडे सुपरव्हिजन म्हणजे ड्युटी लावणं, रजिस्टर तपासणं आणि सह्या. मला हवंय ते वेगळं, सकाळच्या ओव्हरमध्ये (शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा) पंधरा-वीस मिनिटांत नवीन सिस्टरला पेशंट वाचायला कसं शिकवायचं, आणि बांधण्याच्या प्रकारावर बोलायचं तर तिला चौकशी वाटू नये असं कसं बोलायचं. कोणी करतं का?

प्रतिसाद १
ताई, मी प्रादेशिक मनोरुग्णालयात बरीच वर्षं काढली. आधी "का बांधलं" विचारणं सोडा. "बांधायच्या आधीच्या तासाभरात काय काय झालं" एवढंच विचारा आणि गप्प बसा. ती स्वतःच सांगेल, पाणी मागत होता, मी इंजेक्शन भरत होते, मामा खाली गेले होते. तिथेच तुमचं शिकवणं सुरू होतं. शक्यतो त्याच शिफ्टमध्ये, बाकीच्यांसमोर नाही. दुसरं म्हणजे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ९७ प्रिंट काढून ड्युटी टेबलच्या काचेखाली ठेवा. बांधायला मानसोपचारतज्ज्ञांची परवानगी लागते, पद्धत, कारण आणि किती वेळ ते केस पेपरवर लगेच यायला हवं, नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हला (पेशंटच्या वतीने नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवायचं, आणि महिन्याचा रिपोर्ट मानसिक आरोग्य पुनरावलोकन बोर्डाला. शिक्षा म्हणून तर नाहीच नाही. आणि मुख्य म्हणजे स्टाफ कमी आहे म्हणून बांधलं हे कारण कायद्याला चालत नाही. हे वाक्य सिस्टरवर नका वापरू, वर पत्र लिहिताना वापरा, नाइटला दुसरी सिस्टर मागताना.

प्रतिसाद २
कायदा ठीक आहे हो, पण अंगावर धावून आलेल्या पेशंटला कलम वाचून दाखवायचं का? रात्री दोनला परवानगीसाठी फोन लावला तर उचलायला पण हवा ना कोणी. पत्रं आम्हीपण दिलीत, आवक नंबर पडतो आणि विषय तिथंच बसतो.

धागाकर्ती
दोघांचे आभार. फोनचं अगदी खरंय, म्हणून आता फोन केल्याची वेळ आणि उचलला की नाही हे पण रिपोर्ट बुकात लिहायला सांगतेय, त्याने सिस्टरचाच बचाव होईल. लिथियमवाल्यांच्या बेडला वेगळी पट्टी लावून मटक्याजवळचे बेड देतेय, आणि डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन ही दुखण्यावरची औषधं त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही असं ट्रॉलीवरच चिकटवलंय, त्यानेही लेव्हल चढते. "आधीच्या तासाभरात काय झालं" हे उद्यापासून करून बघते. पण एक राहिलंच, बांधावंच लागलं तर हातपाय गार पडलेत का, बँडेज आवळलंय का ते सारखं बघायला हवं, ते एकटी सिस्टर बाकीचा वॉर्ड सांभाळून कसं करते? तुमच्याकडे मामांना हे बघायला शिकवतात का, आणि सही कोण करतं?