मदत हवी आहे: अर्निकाची रोपं पिवळी पडताहेत

हिरवीगच्ची: जरा लवकर सांगा, प्लीज. बियांपासून केलेली अर्निकाची सहा रोपं आहेत, पाच महिन्यांची. तीन महिने छान वाढली, आता पिवळी पडताहेत. पाणी, ऊन, खत सगळं व्यवस्थित आहे. खत दुप्पट करून पाहिलं, उलट जास्तच बिघडलं. दोन रोपं तर जातील असं वाटतंय. एवढी जपलीत, फार जीव तुटतोय.

मूळखोड: पिवळी म्हणजे कशी? अख्खं पान पिवळं, की शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा? आधी खालची पानं की कोवळी? कुंडीत की जमिनीत? आणि खत म्हणजे नेमकं काय घालताय?

चारओळी: पाणी जास्त होतंय, दुसरं काही नाही. माझा जरबेरा असाच पिवळा पडला होता. तोही याच सूर्यफुलाच्या कुळातला. आठ दिवस पाणी तोडलं, सुधारला.

मूळखोड: @चारओळी, कूळ एक म्हणून गरजा एक नसतात. अर्निका युरोपातल्या डोंगराळ कुरणांची. थंड हवा, निकस आणि आम्लधर्मी माती. मुळाशी पाणी साचलेलं तिला सोसत नाही हे खरं, पण आठ दिवस कोरडी ठेवलीत तर ही लहान रोपं वाळून जातील. आधी त्यांना उत्तर देऊ द्या.

बागबगीचा_६२: चुलीची राख घाला. मूठभर राख आणि वर पाणी. आम्ही वर्षानुवर्षं सगळ्या झाडांना घालतो, कधी वाईट झालं नाही.

मूळखोड: राख अजिबात नको! राखेनं मातीचा सामू (pH) वाढतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो.

बागबगीचा_६२: पुस्तकी बोलणं सोडा. राखेवर आमचे टोमॅटो बघायला या.

मूळखोड: टोमॅटोला मानवत असेल, मी नाही म्हणत नाही. प्रश्न अर्निकाचा आहे.

सांजवात: थोडं अवांतर. अर्निकाचं तेल घरी करता येतं का? केसांसाठी हवंय. आणि फुलांचा चहा करतात का?

वैद्यकन्या: @सांजवात, चहा मुळीच नको. फुलांमध्ये हेलेनालिन नावाचं द्रव्य असतं, पोटात गेलं तर विषारी. तेल किंवा मलम मुक्या मारावर बाहेरून लावतात, तेही त्वचा फाटलेली नसेल तरच. काहींना त्यानं पुरळ येतं. केसांसाठी वेगळा धागा काढा, इथे मूळ प्रश्न बाजूला पडतोय.

हिरवीगच्ची: शिरा हिरव्या आहेत, मधला भाग पिवळा. कोवळी पानं आधी. कुंडीत आहेत. शेणखत घालते आणि दर पंधरा दिवसांनी अंड्याच्या टरफलांची पूड. ती सगळेच घालतात म्हणून लिहिली नव्हती. पाणी बोअरचं.

मूळखोड: सापडलं! टरफलं म्हणजे जवळजवळ निव्वळ चुना, त्यात बोअरचं जड पाणी. सामू वाढला की मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, म्हणून कोवळी पानं आधी पिवळी आणि शिरा हिरव्या. बहुतेक झाडं थोडा चुना सोसतात, अर्निका नाही. तुम्ही खत दुप्पट केलंत तेव्हा चुनाही दुप्पट झाला. खात्री करायची तर टरफलाचे तुकडे नसलेली चमचाभर माती घ्या आणि तिच्यावर व्हिनेगर ओता. फेस आला तर मातीत चुना आहे.

चारओळी: मग व्हिनेगरचंच पाणी घालावं की.

मूळखोड: नको. मातीतला चुना व्हिनेगरचा आंबटपणा लगेच मारून टाकेल आणि मुळांना मात्र चटका बसेल. गंधकानं सामू उतरतो, पण त्याला महिने लागतात. कुंडीतल्या रोपांची माती बदलणंच सोपं.

डोंगरवाट: मला वेगळीच शंका आहे. ही नक्की अर्निकाच ना? मेक्सिकन अर्निका म्हणून विकतात ती हेटेरोथेका, पूर्ण निराळी वनस्पती. खरीच्या देठावरची पानं समोरासमोर येतात. पाकिटावर अर्निकाची कोणती जात लिहिली आहे, 'मोंटाना' की 'चामिसोनिस'? चामिसोनिस मातीच्या बाबतीत कमी हट्टी असते.

हिरवीगच्ची: पाकिटावर फक्त 'अर्निका' लिहिलंय. देठ अजून आलाच नाही, सगळी पानं जमिनीलगत पसरलेली.

डोंगरवाट: मग फुलं येईपर्यंत थांबा. मोंटाना पहिल्या वर्षी बहुधा पानांचाच पसारा करते, फुलं दुसऱ्या वर्षापासून. सहाही रोपं वाचवा. एकाच रोपाच्या परागांनी तिला बी धरत नाही.

हिरवीगच्ची: व्हिनेगर ओतलं, चांगलाच फेस आला. टरफलं आजपासून बंद. पावसाचं साठवलेलं पाणी आहे, ते चालेल ना? आणि माती कोणती घेऊ?

मूळखोड: पावसाचं पाणी उत्तम. पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ, आम्लधर्मी असतं) आणि चुनखडी नसलेली जाड वाळू घ्या, शेणखत नको. काढताना मुळं धुऊ नका, जुनी माती हलकेच झटका. पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होतीलच असं नाही, मधून येणाऱ्या नव्या पानावर लक्ष ठेवा. आणि रात्री कुंड्यांभोवती फिरून बघा, गोगलगायींना या रोपांची फार आवड.

हिरवीगच्ची: सर्वांत खराब दोन आत्ताच बदलते. बाकीच्या चार उद्या सकाळी. नवं पान आलं की इथेच फोटो टाकते.