गावात माणसे होती, तरी बागेत मजूर का मिळेना?

प्रश्न (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, रत्नागिरी): महामारीत मजुरांचा पुरवठा घटतो आणि मजुरी वाढते, असे आम्हाला शिकवले जाते. चौदाव्या शतकातील प्लेगनंतर इंग्लंडमध्ये मजुरी रोखण्यासाठी १३४९ आणि १३५१ मध्ये कायदे करावे लागले, हे उदाहरणही दिले जाते. २०२० मध्ये मात्र मुंबईहून चाकरमानी गावी आल्याने कोकणात माणसे वाढली, तरीही बागायतदार मजूर मिळत नसल्याची तक्रार करत होते. असे का झाले असावे?

आंबा बागायतदार, देवगड: आलेली माणसे आणि हवी असलेली माणसे वेगळी होती. २५ मार्चला टाळेबंदी लागली तेव्हा हापूसचा हंगाम भरात येत होता. आमच्याकडे फवारणी, राखण आणि तोडणी बहुतांशी नेपाळी मजुरांवर चालते. जे आधीच बागेत होते ते राहिले, पण नवे येणे बंद झाले. फळ देठासकट उतरवावे लागते, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळून डाग पडतो आणि ते फळ पेटीत भरता येत नाही. बरेचसे चाकरमानी मे महिन्यात आले, त्यातून विलगीकरणात दिवस गेले. त्यांच्या हाती घळ (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) देऊन हे काम एका आठवड्यात शिकवता येत नाही.

निवृत्त प्राध्यापक, चिपळूण: मागणीची बाजूही पाहावी. श्रमाची मागणी मालाच्या मागणीतून येते. मालवणची निवासगृहे ओस पडल्यावर तिथे मजूर कितीही स्वस्त झाला तरी त्याला कोण ठेवणार? मासेमारीत आधी निर्यात आणि बाजार थंडावले, म्हणजे मागणी घटली. पावसाळी बंदीनंतर नौका सोडायची वेळ आली तेव्हा गावी गेलेले परप्रांतीय खलाशी परतलेले नव्हते, म्हणजे पुरवठा तुटला. मजुरी वाढेल की घटेल, हे त्या वेळी कोणता धक्का मोठा आहे यावर ठरते.

इंग्लंडचे उदाहरण इथे फारसे लागू पडत नाही, असे मला वाटते. तिथे काम करणारी माणसेच मोठ्या संख्येने मेली, त्यामुळे टंचाई टिकली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरणी कामगार मोठ्या संख्येने शहर सोडून गेले, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ होते; उरलेल्यांना टिकवण्यासाठी गिरण्यांना रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली. साथ ओसरून माणसे परतल्यावर ही ओढाताण संपली. २०२० चा प्रसंग याच्या अधिक जवळचा आहे.

शेतकरी, गुहागर: एक भर घालतो. जूनमध्ये आमच्या वाडीतले थांबलेले चाकरमानी घरच्या भातलावणीला उतरले, त्यामुळे एरवी रोजाने बोलावल्या जाणाऱ्या बायकांचे काम कमी झाले. घरच्यांच्या या श्रमाला मजुरी नसल्याने तो कुठल्याच हिशेबात आला नाही. त्या बायकांचा रोज मात्र बुडाला.