मदत हवी आहे: प्रॉक वाचणारं माझं टूलच सीपीयू खातंय

मंडळी, लिनक्सवर 'टॉप'सारखं (कुठली प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, किती सीपीयू खातेय ते दाखवणारं) एक छोटं टूल सी भाषेत लिहितोय. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५, सीग्रुप (प्रोसेसच्या गटांचा मेमरी-सीपीयूचा हिशोब ठेवणारी कर्नलची सोय) व्ही२. एकूण सीपीयूचा हिशोब जमलाय: प्रॉकमधली (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ते फोल्डर) 'स्टॅट' फाइल थोड्या अंतराने दोनदा वाचायची, आकड्यांची वजाबाकी, मग टक्के. ('एलएस' या फाइलींची यादी देणाऱ्या कमांडला विचारलं तर त्या फाइलची साइझ शून्य! डिस्कवर काही नसतंच, आपण वाचायला गेलो की कर्नल तेव्हाच मजकूर तयार करून देतो. मला ही कल्पना भारी आवडते.)

घोडं अडलंय ते प्रोसेसच्या यादीपाशी. प्रत्येक पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) फोल्डरमधली 'स्टॅट' उघडा, वाचा, बंद करा. हजारो प्रोसेस असलेल्या सर्व्हरवर इतके सिस्टिम कॉल (कर्नलला केलेल्या विनंत्या) होतात की यादीत सगळ्यात वर माझंच टूल. 'एसट्रेस' (सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) लावून पाहिलं, 'टॉप'ही हेच करतो. फाइल उघडी ठेवून 'पीरीड' या (दिलेल्या जागेपासून वाचणाऱ्या) कॉलने पुन्हा शून्यापासून वाचली तर चालेल का? प्रोसेस मेली आणि तोच पीआयडी दुसरीला मिळाला तर? ईबीपीएफ किंवा नेटलिंकवरचं टास्कस्टॅट्स (कर्नलकडून अशी माहिती मिळवायचे दुसरे मार्ग) कृपया सुचवू नका, दोन्हींना लागणारे अधिकार आमचे अ‍ॅडमिन देणार नाहीत.

अजून एक. कंटेनरमध्ये (होस्ट मशीनवरच वेगळ्या ठेवून चालवलेल्या प्रोसेसच्या कप्प्यात) प्रॉकमधली 'मेमइन्फो' अख्ख्या होस्टची मेमरी दाखवते, म्हणून तिथे सीग्रुपची 'मेमरी डॉट करंट' फाइल वाचतोय. पण त्यात पेज कॅशही (डिस्कवरच्या फाइलींची मेमरीत ठेवलेली प्रत) धरलेली असते. 'मेमरी डॉट स्टॅट'मधलं 'इनॅक्टिव्ह फाइल' (त्या कॅशमधला अलीकडे न वापरलेला भाग) त्यातून वजा करणं बरोबर, की तुम्ही वेगळं काही करता?